बोअर घ्यायच्या आधी वर्षभर आपल्या विहिरी मोजायच्या कशा

माझ्या चुलत्यांनी एकाच उन्हाळ्यात तीन बोअर घेतले. तिन्ही जागा पाणाड्यानं दाखवलेल्या, म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, रानभर फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथं खुंटी ठोकायची. पहिल्यात नुसता फुफाटा उडाला, दुसऱ्यात पण तेच, तिसऱ्याला एवढंच पाणी की पाऊण तासात मोटर हवा ओढायला लागते. एकूण किती पैसे गेले ते चुलते अजून काकूला खरं सांगत नाहीत. पाणाड्याला शिव्या घालायला मी बसलेलो नाही, त्याचंही पोट आहे, पण त्या तिन्ही बोअरच्या मधोमध आमची आज्याच्या काळातली विहीर आहे, ४० फूट खोल, आणि खाली कुठला खडक कितीवर आहे ते तिच्या भिंतीला उघडं दिसत होतं. आम्ही सगळे तिथंच पोहायला शिकलो पण भिंतीकडं कुणी बघितलंच नाही.

आमचं गाव सिन्नर आणि संगमनेरच्या मधल्या पट्ट्यात, पाऊस ५०० मिलीमीटरच्या आतबाहेर, कांदा, हरभरा, थोडं डाळिंब. मी काही जिऑलॉजिस्ट नाही, एका निवृत्त भूवैज्ञानिक साहेबांच्या मागं मागं फिरून शिकलो आणि बाकीचं चुकत चुकत. जे केलं ते सांगतो, सगळं मिळून एका मोटरीच्या वायंडिंगपेक्षा कमी खर्चात होतं, फक्त वर्षभर चिकाटी लागते आणि ती लोकांकडं नसते हा भाग वेगळा.

आधी खडक समजून घ्या

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या वर भाग बेसाल्टचा आहे, म्हणजे काळा पाषाण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बाहेर पडला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एका थरावर दुसरा थर असा. घाट चढताना डोंगराला ज्या पायऱ्या पायऱ्या दिसतात ना तेच हे थर, आणि तुमच्या विहिरीत पण तेच आहेत फक्त उलट्या दिशेनं, वरून खाली.

प्रत्येक थराची रचना ढोबळमानानं सारखी असते. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, त्यामुळं तो भाग भोकाभोकाचा, काही भोकं पांढऱ्या दाण्यांनी भरलेली, आणि तो लवकर कुजतो. आमच्याकडं ह्याला मांजऱ्या म्हणतात, तुमच्याकडं दुसरं काही म्हणत असतील. खालचा भाग घट्ट काळा पाषाण, त्याला भेगा असतील तरच पाणी, नसतील तर कितीही खाली जा, कोरडाच. आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीचा पट्टा असतो, गेरू. एक थर थंड होऊन बराच काळ उघडा पडला, त्याची माती झाली, मग वरून दुसरा गरम थर आला आणि ती भाजली गेली. हा गेरू कधी चार बोटं कधी मीटरभर जाड, चिकट, पाणी सहसा आरपार जाऊ देत नाही. सगळ्यात वर मुरूम आणि माती.

म्हणजे खाली "पाण्याचा झरा" नावाची नदी वाहत नसते. पाणी मांजऱ्याच्या भोकांत, मुरमात आणि भेगांत साठतं, आणि खाली गेरू किंवा घट्ट पाषाण आला की त्याच्यावर आडवं सरकत जातं. पाऊस संपला की हे साठलेलं पाणी हळूहळू उताराकडं, शेवटी ओढ्यात. आपण मध्ये विहीर खणून त्याला अडवतो एवढंच.

विहिरीची भिंत वाचायची

मे महिना पकडा, विहिरी तळाला गेलेल्या असतात. आमच्या भागात मेच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, साडेबारा वाजता सूर्य बरोब्बर डोक्यावर, तेव्हा ऊन थेट विहिरीच्या तळाला जातं. बाकीच्या दिवशी आरसा लागतो. घरातला दाढीचा आरसा चालतो पण थोडा मोठा बरा, काठावर उभं राहून उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर टाकायचा आणि हळूहळू खाली न्यायचा. टॉर्चपेक्षा दहापट चांगलं दिसतं. दुसऱ्यानं टेप सोडून धरायची आणि तिसऱ्यानं वहीत लिहायचं: ० ते १.५ मीटर काळी माती, १.५ ते ४.५ मुरूम आणि मांजऱ्या, ४.५ ला गेरू साधारण ४० सेंटीमीटर, त्याच्या खाली पुन्हा मांजऱ्या, ९ मीटरपासून पाषाण, उभ्या भेगा. ओल कुठून येतेय, शेवाळ कुठं आहे, पाझर कुठल्या पट्ट्यातून आहे ते नक्की लिहा. मोबाईलनं फोटो काढा टेपसकट. वरचा भाग बांधीव असेल तर तेवढा दिसणार नाही, मग शेजारी ओढ्याची दरड किंवा मुरमाची खाण बघा. आणि विहिरीत आडवे बोअर मारलेले असतील तर किती मीटरवर, कुठल्या दिशेला, किती लांब ते मालकाला विचारून ठेवा.

आत उतरू नका. दरवर्षी कुठं ना कुठं विहिरीत उतरलेला एक माणूस गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. खोल विहिरीच्या तळाशी हवा खराब असते, आत डिझेल इंजिन चालवलेलं असेल तर विचारूच नका. काठावरून जेवढं दिसतं तेवढं पुरे आहे.

विहिरी निवडा, खूण करा

सगळ्या गावच्या विहिरी मोजायला जाऊ नका, दोन महिन्यांत कंटाळाल. आम्ही नऊ घेतल्या. काही टेकाकडच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या, एक गावच्या पिण्याच्या पाण्याची. एखादी पडीक, मोटर नसलेली विहीर मिळाली तर ती सोनं आहे, कारण तिच्यातली पातळी उपशानं हलत नाही. प्रत्येकीला गट नंबरवरून नाव द्या, व्यास मोजा, एकूण खोली मोजा. खोली मालकाला विचारू नका, आमच्याकडं अजून परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात सांगतात आणि प्रत्येकाचा परस वेगळा.

मग ऑइलपेंटनं कठड्यावर एक बाण काढा. मोजायचं ते दर वेळी ह्याच बाणापासून. मी पहिले चार महिने जिथं उभं राहायला सोयीचं तिथून मोजत होतो, एका विहिरीचा कठडा एका बाजूला खचलेला, तिथं १८ सेंटीमीटरचा फरक पडत होता आणि मी समजायचो पाणी वाढलं. दुसरी चूक त्याहून मोठी, नायलॉनची दोरी वापरली. गाठी मारून मीटर मीटरवर खुणा केलेल्या, मस्त वाटत होतं, पण नायलॉन ओलं होऊन वजनानं ताणतं. ते सगळं रीडिंग नंतर खोडावं लागलं. फायबरची किंवा स्टीलची ३० मीटरची टेप घ्या, टोकाला नटबोल्ट बांधा, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासा. टेप थोडी पाण्यात बुडेल अशी सोडा, वरचा आकडा वाचा, बाहेर काढल्यावर खडू जेवढा ओला तेवढं वजा करा. कठड्याची जमिनीपासूनची उंची पण वजा करा, की जमिनीखाली पाणी किती मीटरवर ते आलं.

बोअरमध्ये टेप अडकते, मोटरचा पाईप आणि केबल असते. त्याला दोन कोअरची पातळ वायर घ्या, टोकाकडं दोन्ही तारा उघड्या पण एकमेकींना न लागतील अशा, वर मल्टिमीटर. तारा पाण्याला टेकल्या की आकडा हलतो. इथं सगळे फसतात ते म्हणजे मल्टिमीटर बीपवर ठेवतात, विहिरीच्या पाण्याचा रेझिस्टन्स जास्त असतो, बीप वाजतच नाही. २०के किंवा २००के ओहमवर ठेवा. आणि स्टार्टरचे फ्यूज काढून हातात घेतल्याशिवाय बोअरमध्ये वायर सोडायची नाही.

कधी मोजायचं? शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली, ते लोक त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. हे चार महिने तुम्ही पण चुकवू नका, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतं, बाकी जमलं तर दर पंधरा दिवसांनी. मोटर बंद होऊन निदान सहा सात तास झालेले पाहिजेत. आता शेतीची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, त्यामुळं सकाळी सहाला मोजू म्हणाल तर रात्रभर मोटर चाललेली असते आणि तुम्ही पातळी नाही, खड्डा मोजून येता. दिवसाच्या लाईटचा आठवडा बघून पहाटे जा.

उंची जुळवली की पाणी कुठं चाललंय ते कळतं

नुसतं "पाणी ६ मीटरवर" हे दोन विहिरींत ताडून उपयोग नाही, कारण जमीनच वरखाली आहे. कठड्यावरचे सगळे बाण एका पातळीशी बांधावे लागतात. आम्ही शाळेची पायरी १०० मीटर धरली, खरी समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, आपली आपल्यापुरती. मोबाईलचा जीपीएस उंचीला बिनकामाचा, पाच दहा मीटर सहज चुकतो. गवंडी लोक पाण्याची पारदर्शक नळी वापरतात लेव्हल बघायला, ती जवळच्या विहिरींना चालते, पण अर्धा किलोमीटर जायचं असेल तर पंधरा मीटरच्या नळीनं दिवस जातो. जवळ कुठं रस्त्याचं किंवा कॅनॉलचं काम चालू असेल तर तिथल्या सर्व्हेवाल्या पोराला गाठा, जेवण घाला, ऑटो लेव्हलनं एका दिवसात नऊ विहिरी होतात.

आता तीन विहिरी घ्या. समजा पाण्याची उंची पहिलीत ९४, दुसरीत ९०, तिसरीत ९२ मीटर. कागदावर तिन्ही ठिकाणं स्केलमध्ये मांडा. पहिली आणि दुसरी जोडा, त्या रेषेच्या मधोमध पाणी ९२ वर असणार. तो मधला बिंदू आणि तिसरी विहीर जोडा, ही झाली ९२ ची रेघ. ह्या रेघेला काटकोनात, ९० वाल्या विहिरीच्या बाजूला बाण काढा. भूजल त्या दिशेनं चाललंय. संडासाचा शोषखड्डा, उकिरडा आणि पिण्याची विहीर ह्या बाणाच्या कुठल्या टोकाला आहेत ते लगेच बघून घ्या, आमच्या पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तीन उकिरडे निघाले.

फक्त एक अट, तिन्ही विहिरी एकाच थरातलं पाणी घेत असल्या पाहिजेत. नसतील तर बाण काहीच्या काही येतो. आमचा पहिला बाण ओढ्याकडं जायच्या ऐवजी वस्तीकडं वळला होता आणि मी दोन दिवस कागद फिरवत बसलो. कारण टेकाची विहीर. तिची गोष्ट सांगतोच.

मोटर चालवून बघणे

आमच्या विहिरीपासून ३०० फुटांवर वरच्या अंगाला टेकाची विहीर, आणि खालच्या अंगाला ८०० फुटांवर चिंचेची. टेकवाल्यांचं आणि आमचं दोन पिढ्यांचं भांडण, "तुमच्या मोटरीनं आमची विहीर आटते." चिंचवाल्यांशी मात्र येणंजाणं, लग्नाकार्यात पुढं.

एका फेब्रुवारीत तिन्ही मोटरी आदल्या रात्रीपासून बंद ठेवल्या, त्यासाठी सरपंचांना मध्ये घालावं लागलं. सकाळी फक्त आमची मोटर चालू केली आणि तिन्ही विहिरींवर एक एक पोरगं टेप घेऊन बसवलं, दर दहा मिनिटांनी आकडा. तीन तासांत आमचं पाणी २ मीटर खाली गेलं. टेकाच्या विहिरीत फरक शून्य, एक सेंटीमीटर सुद्धा नाही. चिंचेची १५ सेंटीमीटर उतरली.

आरशानं लिहिलेल्या नोंदी काढल्या तेव्हा उलगडा झाला. आमच्या विहिरीत गेरू ९४.५ मीटर उंचीवर. टेकाच्या विहिरीचा तळ ९४.९ वर, म्हणजे ती विहीर गेरूच्या डोक्यावर येऊन थांबलेली, खणणाऱ्यांना लाल चिखल लागला आणि त्यांनी काम बंद केलं असणार. तिचं पाणी गेरूच्या वरच्या मांजऱ्यातलं. आमचा मोठा पाझर गेरूच्या खालच्या थरातला आणि चिंचेचा पण तोच. त्या फेब्रुवारीत टेकाच्या विहिरीत पाण्याची उंची ९६.५ होती आणि आमच्यात ९१, ३०० फुटांत साडेपाच मीटरचा फरक, हे बघूनच आधी कळायला पाहिजे होतं की दोन्हीचं पाणी वेगळं आहे. थोडक्यात आम्ही दोन पिढ्या चुकीच्या शेजाऱ्याशी भांडलो. टेकवाल्यांना दाखवलं तर आजोबा म्हणाले, "मग आमची आटते कशानं?" तर ती आटते कारण गेरूच्या वरचा थर तिथं पातळ आहे आणि तो पुढं ओढ्याच्या दरडीला उघडा पडून हळूहळू पाझरून रिकामा होतो. तिथं जाऊन त्यांना ती ओली लाल रेघ दाखवली, हात लावून बघितलं त्यांनी.

ह्याच टेस्टमधून विहिरीची आवकही निघते. २०० लिटरचा ड्रम डिलिव्हरी पाईपखाली धरा, आमचा २५ सेकंदात भरला, म्हणजे सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर, तीन तासांत ८६,४०० लिटर. विहिरीचा व्यास ६ मीटर, क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर, २ मीटर उतरली म्हणजे साठ्यातलं ५६,६०० लिटर गेलं. उरलेलं ३० हजार लिटरच्या आसपास पाणी तीन तासांत पाझरातून आलं, तासाला १० हजार. मोटर बंद केल्यावर पहिल्या तासात पाणी किती चढतं ते पण मोजा, आमचं ५० सेंटीमीटर चढलं म्हणजे १४ हजार लिटर. जास्त आलं कारण पाणी तेव्हा सगळ्यात खाली होतं, जेवढं खाली तेवढा पाझराचा ओढा जास्त. ही टेस्ट ऑक्टोबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा करा. लोक दिवाळीत विहीर बघून ड्रिपचं क्षेत्र ठरवतात आणि मार्चमध्ये विहिरीची आवक निम्म्याच्याही खाली आलेली असते.

पाऊस

तालुक्याचा पाऊस आणि तुमच्या शिवाराचा पाऊस ह्यात जमीन अस्मानाचा फरक असतो, आमच्याकडं ओढ्याच्या अलीकडं पाऊस अन पलीकडं धूळ असं दर जूनला होतं. १६ सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं बघा, त्याचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटीमीटर येतं, म्हणून १ मिलीमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ बरोबर २० मिलीलिटर पाणी. नरसाळं कॅनमध्ये बसवा, मोकळ्या जागी, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा, भागिले २०. हवामान खातं पण साडेआठचाच दिवस धरतं. कोल्ड्रिंकची बाटली कापून करतात ते ठीक आहे पण तिचा तळ खोलगट असतो, शून्य कुठं धरणार, सगळे पहिल्या पावसाला फसतात.

पहिल्या पावसात विहीर हलत नाही, माती आधी पिते. एकूण किती पाऊस झाल्यावर कुठली विहीर पहिल्यांदा वर आली, ती तारीख वहीत लाल पेननं लिहा.

ओढा आणि बंधारा

ओढा हा भूजलाचाच पुढचा भाग आहे. पावसाळा संपून दीड दोन महिने झाल्यावर ओढ्यात जे वाहतं ते पावसाचं नसतं, ते विहिरींच्याच थरातून पाझरलेलं असतं. मोजायला सोपं, १० मीटरचा सरळ तुकडा बघा, लिंबू सोडा, किती सेकंदांत जातं ते तीन चार वेळा बघून सरासरी घ्या. समजा ४० सेकंद, म्हणजे वेग ०.२५ मीटर. वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं, म्हणून ०.८५ नं गुणा. रुंदी सरासरी १.२ मीटर, खोली ०.१५, गुणाकार केला की सेकंदाला ३८ लिटर. ओढा कुठल्या जागी कुठल्या तारखेला तुटला एवढं जरी दरवर्षी लिहिलं तरी पाच वर्षांनी सोन्यासारखी माहिती होते.

बंधाऱ्याचं एक सांगतो कारण ह्यात पैसे फार वाया जातात. बंधाऱ्यात पाणी दिसतंय म्हणून फोटो काढतात, पण ते पाणी जर फेब्रुवारीपर्यंत दिसतंय तर ते मुरत नाहीये हे कुणी म्हणत नाही. एक पट्टी सिमेंटात उभी करा, पाऊस संपल्यावर, वरून येणारा प्रवाह थांबल्यावर रोज वाचा. कुणी उपसत नसेल तर जे उतरतं ते एकतर वाफ होऊन किंवा मुरून. ऑक्टोबर नोव्हेंबरात वाफ दिवसाला साधारण ४ ते ६ मिलीमीटर. तुमचं पाणी दिवसाला ६ मिलीमीटरच उतरत असेल तर ते तळं आहे, गुरांना चांगलं. ३० मिलीमीटर उतरत असेल तर मुरतंय. आमच्या गावात दोन बंधारे, एक पाषाणावर बसलाय आणि एक मांजऱ्यावर, पाषाणावरच्याचा खर्च जास्त आणि उद्घाटनाला माणसं पण जास्त. जागा ठरवणाऱ्यांनी ओढ्याचा तळ खरवडून बघितला असता तरी कळलं असतं.

पाण्याची चव

टीडीएस पेन, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलीग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं, पाचसहाशे रुपयांच्या आत मिळतं. सगळ्या विहिरींचं एकाच दिवशी मोजा. आमच्या आणि चिंचेच्या विहिरीचा आकडा ६१० आणि ६४०, टेकाचा ३८०, वेगळ्या थराचा आणखी एक पुरावा. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलीग्रॅमपर्यंत चालवून घेतात. पण पेनला नायट्रेट आणि फ्लोराईड वेगळं कळत नाही, त्याला लॅबच पाहिजे, नायट्रेट ४५ च्या वर आणि फ्लोराईड १.५ च्या वर असेल तर ते पाणी लेकरांना देऊ नका.

वर्षाखेरीचा हिशोब

मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी किती चढली ते काढा. आमच्याकडं एका बऱ्या वर्षी ३ मीटर. डोंगरउतार सोडून विहिरींखालचं क्षेत्र ६०० हेक्टर. आता ३ मीटर चढली म्हणजे ३ मीटर पाणी नाही हो, खडकात जागा फार थोडी असते. कुजलेल्या आणि मांजऱ्या बेसाल्टला सरकारी पद्धतीत २ टक्के धरतात, १ ते ३ च्या मध्ये. ६० लाख चौरस मीटर गुणिले ३ गुणिले ०.०२, आले ३ लाख ६० हजार घनमीटर. त्यातून २,००० माणसांना रोजी ५५ लिटर म्हणजे वर्षाला ४० हजार घनमीटर गेले, गुरांचे १५-२० हजार, उरले ३ लाख. रब्बी कांद्याला ५५० मिलीमीटर पाणी धरलं तर हेक्टरी ५,५०० घनमीटर, म्हणजे सगळं पाणी फक्त कांद्याला दिलं तरी ५४ हेक्टर, १३५ एकर. आणि ह्यातलं काही पाणी ओढ्यानं जाणारच आहे. हा आकडा मी ग्रामसभेत फळ्यावर लिहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या एकट्या वाडीत एवढा कांदा आहे. हिवरे बाजार गावात दरवर्षी असाच हिशोब मांडून पिकं ठरवतात आणि शेतीला बोअरची बंदी आहे, आमच्याकडं तेवढी एकी नाही, पण त्या वर्षी चारपाच जणांनी कांदा कमी करून हरभरा केला.

तुमचा खडक वेगळा असेल तर हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. कोकणात जांभा आहे, तो भराभर पितो आणि भराभर ओततो. तापी पूर्णेच्या खोऱ्यात जाड गाळ आहे, त्यात बेसाल्टच्या कितीतरी पट पाणी मावतं पण पूर्णेकडं खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. भंडारा गडचिरोलीकडं खडक ट्रॅपच्या, म्हणजे आपल्या बेसाल्टच्याही फार आधीचा. मोजायची रीत तीच, धरायचे टक्के वेगळे.

आणि एवढं करून बोअर घ्यायचाच असेल तर

कायद्याचं आधी बघा, २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरच्या खाली जायला बंधनं आहेत आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या ५०० मीटरच्या आत विहीर घ्यायलाही बंधनं आहेत. बोअरची गाडी रात्रीच येते, तरी तुम्ही झोपू नका. दर १० फुटांना बाहेर पडणारा भुगा मूठभर घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत खोली लिहिलेली चिठ्ठी टाका. पांढरट राखाडी भुसा म्हणजे पाषाण, मऊ आणि पांढऱ्या दाण्यांचा म्हणजे मांजऱ्या, लाल पाणी आलं की गेरू. पाणी कितव्या फुटाला लागलं ते तुम्ही स्वतः बघा, गाडीवाल्याचं "दोन इंची लागलंय" हे त्याच्या बिलाचं माप आहे. पिशव्या ओळीनं खिळ्याला टांगून ठेवा आणि आरशानं लिहिलेल्या विहिरीशी ताडा, पुढचा माणूस शेजारी बोअर घेईल तेव्हा त्याला ह्या पिशव्या दाखवा.

चुलत्यांच्या तीन बोअरचे ढीग अजून बांधाला पडलेत. मी एकदा उकरून बघितलं, लाल आहे, काळं आहे, पांढरे दाणे आहेत, सगळं आहे, पण कुठलं किती फुटांवरचं ते कुणाला माहीत. दिवाळीत पोरं किल्ला करायला घमेली भरून नेतात.